अकराशे सत्तेचाळीस

दुपारी अडीचला फाइल आली.
दोन हजार तीनशे अठरा ओळी, ओळीत पाच रकाने:
क्रमांक, उत्तर, पूर्व, उंची,
आणि शेवटी येमुलच्या हातचा एखादा शब्द.
बांध. बाभूळ. डांब. नाला वर. नाला खाली.
एका ठिकाणी नुसतंच, कुत्रं होतं.

जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर,
एसी कॉम्प्युटरसाठी चालतो. आम्ही त्याचे पाहुणे.
फाइल आत घेते, पडद्यावर ठिपके उतरतात.
रांगोळीचे ठिपके ओळीत असतात, हे नाहीत.
जिथवर पाय पोचले तिथवर ठिपका.

सर्फेस कर म्हटलं की मशीन
जवळचे तीन-तीन ठिपके हेरून त्रिकोण जोडत सुटतं.
ओढा बघत नाही, वाट बघत नाही,
नाल्याच्या या काठावरून त्या काठावर
पत्रा टाकल्यासारखं निघून जातं.
मग मी ब्रेकलाइन ओढते, वरच्या काठाची वेगळी, तळाची वेगळी:
इथून ओलांडायचं नाही.
ऐकतं. काठ काठासारखा होतो.

कडेला भाल्यासारखे लांबट त्रिकोण,
जिथं कुणी गेलंच नाही तिथलीही जमीन ठोकून देणारे.
तेही कापते.
न पाहिलेल्याबद्दल गप्प बसावं,
एवढं त्याला रोज नव्याने शिकवावं लागतं.

आणि मग फिरवून बघितलं, तर
देगावच्या त्या सपाट काळ्या रानात
चारशे साठ मीटर खोल खड्डा.
सगळे काँटूर त्याच्या तोंडाशी, एकमेकांच्या अंगावर,
पाच दिवसांनी नळ आल्यावर गल्ली जमते तसे.

अकराशे सत्तेचाळीस. उंची शून्य. शेरा: विहीर.

असं रोज येतं. डिलीट दाबायचं, संपलं.
पाचपर्यंत साहेबांना मातीकामाचा आकडा हवा,
आणि हा खड्डा भरायचा तर
तालुक्याचा मुरूम पुरायचा नाही.

तरी फोन लावला.
येमुल साइटवरच. फोनमध्ये आधी वारा, मग तो.
"चुकून नाही ओ मॅडम.
काठाची लेव्हल सेहेचाळीसला घेतली की.
सत्तेचाळीस तळाची, हाताने टाकली.
इरण्णाने वाकून बघितलं. खडा टाकला.
आवाजच आला नाही.
मग काय लिहू?
माहीत नाही, असा रकाना आहे का तुमच्याकडं?"

माझे वडील जेकार्डचे पत्ते मारायचे,
अशोक चौकामागच्या पत्र्याच्या खोलीत.
पुठ्ठ्यावर भोकं, हजारभर पुठ्ठ्यांचा एक मोर.
मोर कुठाय, मी विचारायची.
ते पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरायचे.
जिथं काही नाही तिथं.
भोक असलं की सुई शिरते, दोरा वर येतो.
एकदा एक भोक जास्त पडलं.
दोनशे चादरींवर मोराच्या पायाशी एक ठिपका,
मालकाने आठवड्याचा पगार धरला.
त्यातली एक चादर अजून घरी आहे.
अंधारातही बोटाला तो ठिपका लागतो.

विहिरीच्या काठाने बाउंडरी ओढली:
आतलं धरू नये.
सर्फेसला एक गोल भोक पडलं,
त्यातून पडद्याचा काळा रंग दिसू लागला.
शेजारी लिहिलं, तळ मोजलेला नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेब वाकून म्हणाले,
"हे काय?"
"विहीर."
"रस्त्यात येते?"
"कडेला. साडेतीन मीटर."
ते गेले. मी चहाचा कप तिथंच विसरले.

सकाळी येमुलची फाइल होती. एकच ओळ.
अकराशे सत्तेचाळीस अ.
उंची चारशे अठ्ठावीस पूर्णांक सहा.
शेरा:
दोर संपला.